मनोऱ्याचं पान

अक्का, आज दुपारी तुझ्या पत्त्यांनी आम्ही रमी खेळलो.

हो, त्याच पत्त्यांनी. काळ्या रेशमी फडक्यात गुंडाळलेले, लवंग-कापराचा वास येणारे, ज्यांना तुझ्याखेरीज कुणी बोटही लावायचं नाही असा तुझा दंडक होता, ते. खालच्या मजल्यावरच्या बिल्कीस आपा, समोरच्या सरोजम्मा आणि मी. डायनिंग टेबलावर मिरची भज्यांची बशी मधे ठेवली आणि तेलकट बोटांनीच पत्ते पिसले. डावावर लावायला चिंचोके घेतले. तुझ्या टॅरोमधली ती मोठी चित्रं, सम्राट, संन्यासी, सूर्य, चंद्र, त्या सगळ्यांना आम्ही जोकर ठरवून टाकलं. बिल्कीस आपा तर अशा खूश झाल्या की काय सांगू. म्हणाल्या, "इत्ते सारे जोकर! टीचर, ये कैकू छुपाके रक्खे थे तुम इत्ते दिन?"

तुझं तेरावं परवाच झालं. फोटोवरचा हार अजून पुरता सुकलेला नाही. बहीण जाऊन पंधरवडा झाला नाही तोच ही बाई पत्ते कुटत बसली, असं म्हणणारे म्हणोत. तुझ्यावर सूड उगवायला मला यापेक्षा बरी दुपार मिळाली नसती. तू जिवंत असताना मी कधी तुझ्यावर आवाज चढवला नाही, आणि आता चढवून तुला ऐकू येणार नाही. म्हणून पत्ते घेतले.

आणि खरं सांगू? ते खेळायचेच पत्ते आहेत. हे भांडण आपलं अर्धवट राहिलंय, तर आज मी ते माझ्या बाजूने संपवून टाकते. तू तुझ्याकडे येणाऱ्या बायकांना सांगायचीस, ही इजिप्तच्या पुजाऱ्यांची हजारो वर्षांची गुप्त विद्या आहे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि कढईत झारा आपटायची. इटलीतली बडी मंडळी जेवणं झाल्यावर डाव मांडून बसायची, त्यासाठी रंगवले गेले हे पत्ते. पुढे कैक पिढ्या लोकांनी ते नुसते खेळले. मग फ्रान्समध्ये कुणाच्या तरी डोक्यात आलं की ही चित्रं इजिप्तची आहेत, आणि तेव्हापासून बिचारे पत्ते भविष्य सांगायला लागले. मी शाळेत चित्रकला शिकवते, जुन्या चित्रांची पुस्तकं चाळता चाळता मला हे कळलं होतं. तुला सांगितलं तर तू शांतपणे म्हणालीस, "छोटी, खेळताना खोटं बोलता येतं. म्हणून तर लोक पुढे खेळायचे थांबले." आणि हसलीस. तुझं हसू असं होतं की समोरच्याचा मुद्दा तिथेच मरायचा.

तरीही तू हे सगळं कुठून शिकलीस, ते मला माहीत आहे. बाबा आपल्याला नामपल्लीला स्टेशनबाहेरच्या पोपटवाल्याकडे घेऊन गेले होते. मी सहा-सात वर्षांची असेन, तू माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. पोपट पिंजऱ्यातून बाहेर आला, ओळीने लावलेली पाकिटं चोचीने उचलून बाजूला टाकत गेला, आणि एक पाकीट त्याने त्या माणसाच्या हातात दिलं. माझ्या पाकिटात लक्ष्मी निघाली. मी हरखून गेले. तू मात्र त्या माणसाच्या हाताकडे बघत होतीस. परत येताना गौलीगुड्याच्या वळणावर तू मला हळूच सांगितलंस, "पोपट काही निवडत नाही. त्या माणसाच्या बोटांत धानाचा दाणा दिसला की तो थांबतो." मला रडू आलं होतं, कारण माझी लक्ष्मी त्या एका वाक्यात गेली. तुला मात्र दुसरंच काहीतरी मिळालं होतं.

कॉलेजात असताना तू अबिड्सच्या रविवारच्या फुटपाथवरून हा पत्त्यांचा कॅट घेऊन आलीस. जुन्या पुस्तकांच्या ढिगाखाली सापडलेला, खोक्याचे कोपरे फाटलेले. घरी येऊन पत्ते मांडले तर एक पान गायब. मनोऱ्याचं. सोबतच्या पुस्तिकेत त्याचं चित्र नव्हतं, फक्त लिहिलं होतं: वीज पडलेला मनोरा, त्यातून खाली कोसळणारी माणसं. अर्थ: घर मोडणे, अचानक आलेला नाश. तू पुस्तिका माझ्यापुढे धरलीस. "छोटी, तुझ्या हाताला तोड नाही. हे एवढं करून दे."

मी नववीत होते. मनोरा म्हणजे मला माहीत होता तो मोअज्जमजाही मार्केटचा, घड्याळाचा, कारण त्याच्या खाली आपण आईस्क्रीम खायचो. मी तोच रंगवला. त्यावर पिवळी वीज पाडली आणि खिडकीतून दोन माणसं पाडली, एकाला आपल्या भूमितीच्या सरांसारखी मिशी काढली. कागद कुठून आणायचा? कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती, जाड, गुळगुळीत. ती मापाने कापली. मागच्या बाजूची निळी जाळी मी पोस्टर कलरने इतकी हुबेहूब काढली की नुसत्या डोळ्याला ते पान वेगळं म्हणून कळायचं नाही. बोटाला मात्र कळायचं. बाकीची पानं वापरून मऊ, पातळ झालेली, आणि हे पत्रिकेच्या पुठ्ठ्याचं. तू पिसून बघितलंस, तुझा अंगठा कडेवरून सरकत गेला आणि बरोबर तिथे थांबला. आपण दोघी किती हसलो होतो.

पुढे अमेरिकेहून, लंडनहून लोक तुला सोनेरी कडांचे नवे कॅट आणून द्यायचे. ते तू कपाटात ठेवायचीस आणि वापरायचीस हाच. "हाताला लागलेले पत्ते हेच," म्हणायचीस. लोकांना वाटायचं, जुन्या पत्त्यांत शक्ती आहे.

आता अविनाशचं.

तू त्याचं नाव या घरात कधी घेतलं नाहीस, तर आज मी घेते. अविनाश पुण्याचा, हायटेक सिटीत नोकरीला आलेला, आमच्या शाळेतल्या एका बाईंचा भाऊ. हळू बोलायचा. मी काढलेलं चित्र हातात घेताना आधी हात पुसायचा. मी तिशीला टेकले होते आणि मला तो हवा होता. असं स्वच्छ मी तेव्हा कुणाला सांगू शकले नाही, आज सांगते. तो गौलीगुड्याच्या घरी चहाला आला. आईला आवडला. तुलाही आवडला, तू त्याला दुसऱ्यांदा शिरा वाढलास. तो गेल्यावर आई म्हणाली, "सगळं चांगलंय. एकदा मंजूला पत्ते बघू दे, मग होकार कळवू."

आई तेव्हा तुझ्या पत्त्यांना विचारल्याशिवाय गॅसचा सिलेंडरही लावत नव्हती. तू नांदेडचं सासर सोडून दोन बॅगा घेऊन परत आली होतीस आणि पत्ते हाच तुझा आधार झाला होता. मीही निर्धास्त होते. पत्ते वाचणार कोण, तर माझी अक्का.

संध्याकाळची दिवेलागण झाली होती. तू फडकं पसरलंस. तू डाव्या हाताने पत्ते कापलेस. तीन पानं: काल, आज, उद्या. पहिलं कसलं तरी प्याल्यांचं, दुसरं आठवत नाही. तिसऱ्या पानाच्या आधी तुझा अंगठा गड्डीच्या कडेवरून सरकत सरकत खाली आला. आणि थांबला.

मी बघत होते, अक्का. पोपटवाल्याच्या हाताकडे बघायचं असतं, हे तूच मला शिकवलं होतंस.

माझा घड्याळाचा मनोरा. पिवळी वीज. मिशीवाला माणूस पडतोय. आई "अगं बाई" म्हणून तोंडाला पदर लावून बसली. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. पान उलटं करून ठेवलंस आणि म्हणालीस, "मी काय करणार? आलंय ते आलंय."

मी गप्प राहिले, कारण मला वाटलं, तू सांगशील. उद्या सकाळी चहाच्या वेळी सांगशील, की घाबरले होते, तू गेलीस तर आईजवळ मी एकटीच उरेन, म्हणून केलं, आता जाऊन आईला समजावते. मी त्या चहाची वाट बघत राहिले. अविनाशही बिचारा बरेच महिने थांबला. मग त्याने पुण्याला बदली मागून घेतली. त्याचा संसार चांगला चाललाय असं ऐकते. आई गेली, गौलीगुड्याचं घर सुटलं, आपण दोघी इथे मलकपेठेत आलो. रोज सकाळी आपण समोरासमोर बसून चहा प्यायलो, आणि तू सांगितलं नाहीस.

तुझं चांगलंही सांगायला हवं, नाहीतर तू म्हणशील, छोटी एकतर्फी बोलते. मला डेंग्यू झाला तेव्हा तू माझ्या उशाशी बसून होतीस, एकाही गिऱ्हाइकाला दार उघडलं नाहीस. मला चाळिशीत स्कूटी शिकवलीस, रेसकोर्सच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर, मागे धावत धावत, "ब्रेक! छोटी, ब्रेक!" ओरडत. आणि ते आमचे मुख्याध्यापक, जे मला शाळा सुटल्यावर रजिस्टर तपासायच्या नावाखाली थांबवून घ्यायचे? त्यांची बायको तुझ्याकडे यायची. तू तिला एवढंच सांगितलंस की घरच्या पुरुषाने दिवेलागणीला बाहेर असणं सध्या बरं नाही. दुसऱ्या दिवसापासून साहेब पाचच्या ठोक्याला घरी! मी घरी येऊन तुला मिठीच मारली होती. तू म्हणालीस, "मी कुठे काय केलं, पत्ते बोलले." मला त्या मिठीतच आठवलं की पत्ते तुझ्याकडे कसे बोलतात. तुझ्यावर धड माया करायची सोयही तू ठेवली नव्हतीस.

दोनदा विचारलं मी तुला. एकदा नुमाईशच्या प्रदर्शनात, चुडीच्या दुकानापुढे, गर्दीत धीर करून. "अक्का, ते पान तू निवडून घेतलंस ना?" तू हिरव्या बांगड्या हातात चढवत म्हणालीस, "पत्ते बोलतात गं, मी नाही." आणि दुसऱ्यांदा दवाखान्यात, या शेवटच्या आठवड्यात. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सगळं सांगितलं होतं. मी आत आले, तुझा हात हातात घेतला आणि तोच प्रश्न विचारला. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे नीट बघितलंस. मग म्हणालीस, "पाणी दे." मी पाणी दिलं. चमच्याने, हळूहळू, ठसका लागू नये म्हणून मान उचलून धरून. तो चमचा तुझ्या तोंडाला लावताना मला तुझा केवढा राग आला होता, हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

एवढंच हवं होतं मला. माफी नको होती. "हो, घेतलं" हे दोन शब्द. ते न देता तू गेलीस, आणि मी असं धरून चालले की आता ते मला मिळणार नाहीत.

म्हणून आज रमी.

तिसरा डाव चालू होता तेव्हा बेल वाजली. केतकी आली होती, तुझी लाडकी शिष्या, ती पुण्याची, तुझ्यासारखं काजळ घालणारी. तुझा कॅट न्यायला आली होती. तूच तिला कबूल केला होतास म्हणे. टेबलावर नजर गेली आणि पोरगी पांढरीफटक पडली.

"मावशी! हे... हे मॅडमचे पत्ते आहेत!"

"हो, माहितेय. बस. भजी घे."

"असे कुणीही हातात घ्यायचे नसतात ते. एनर्जी जाते त्यांची."

"बैठो बेटी," बिल्कीस आपांनी खुर्ची ओढली. "तेरेकू बी बाटूं क्या? हमारे ससुर रमल के फासे डालते थे, उनके गुजरने के बाद बच्चे उससे सापसीडी खेले. कुच नै होता."

मला हेच तर हवं होतं. तुझ्या शिष्येसमोर तुझी विद्या चिंचोक्यांवर चाललेली. पुढच्या डावासाठी मी मुद्दाम सावकाश पिसायला घेतले, ते जाड पान कधी कुणाच्या हाती लागतंय त्याची वाट बघत. आणि लागलंच. सरोजम्मांनी गड्डीतून पान उचललं, बोटांत चोळलं आणि भुवया उंचावल्या. "टीचर, ये कार्ड मंदंगा है. बाकी सब पतला पतला, ये एकीच मोटा."

"दाखव केतकीला," मी म्हणाले. "हातात घे गं. डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरव. कळतंय? हे मी रंगवलंय, नववीत असताना. तुमच्या मॅडमना ते हवं तेव्हा सापडायचं. ही तुमची विद्या."

वाटलं होतं, पोरगी रडेल, चिडेल, निघून जाईल. तिने ते पान उलटंसुलटं केलं, घड्याळाकडे बघितलं, मिशीवाल्याकडे बघितलं.

"हा टॉवर आहे?" ती म्हणाली. "मी पहिल्यांदा बघतेय."

"म्हणजे?"

"मावशी, मी इतकी वर्षं मॅडमच्या शेजारी बसलेय. त्यांच्या हातून टॉवर कधी निघालाच नाही. एकदाही नाही. आम्ही सगळ्या म्हणायचो, टॉवर मॅडमना घाबरतो. सुरुवातीपासून येणाऱ्या बायकापण हेच सांगतात." मग तिने पान टेबलावर ठेवलं. "फक्त एकदा, त्या एका बाईंचं ऑपरेशन होतं दुसऱ्या दिवशी. मॅडम पान काढता काढता थांबल्या. म्हणाल्या, चिकटलंय. आणि ते परत गड्डीत सरकवून खालचं काढलं. तेव्हा मला वाटलं, खरंच चिकटलं असेल."

सरोजम्मांनी ते पान उचलून परत आपल्या हातातल्या पत्त्यांत खोचलं. मग बिल्कीस आपा म्हणाल्या, "टीचर, तुम्हारी बारी."

मी कसलं पान टाकलं कोण जाणे. डाव सरोजम्मांनी जिंकला.

अक्का, मिळालं मला. तू तोंडाने दिलं नाहीस ते तुझ्या शिष्येने आणून दिलं, तिला कळलंही नाही. जे पान चुकून एकदाही येत नाही, ते माझ्या वेळी चुकून आलं नव्हतं. आणि त्यानंतर तू जन्मभर अंगठ्याने ते पान शोधत राहिलीस, ते कुणाच्या नशिबी येऊ नये म्हणून. केतकी गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. तुझी कणव आली होती थोडी. इतकी वर्षं ते पान हाताखालून सरकताना तुला काय होत असेल, असं वाटलं.

मग चेहरा धुतला आणि राग परत आला, आधीपेक्षा जास्त. ऑपरेशनवाल्या बाईला तू चुकवलंस. आमच्या मुख्याध्यापकाच्या बायकोलाही चुकवलं असशील. अख्ख्या गावाला ते पान चुकवलंस, अक्का. फक्त मला वाढलंस.

कॅट मी केतकीला देऊन टाकला. भज्यांचे डाग पुसले, काळ्या फडक्यात नीट बांधून दिला. तुझा शब्द मोडला नाही. तिने दारातच मोजला आणि म्हणाली, "मावशी, टॉवर नाहीये यात."

"अबिड्सहून आला तेव्हाही नव्हता," मी म्हणाले. "तुझं तू रंगवून घे. पातळ कागदावर."

ते पान मी तुझ्या फोटोच्या चौकटीत खोचलंय, खालच्या कोपऱ्यात, हाराच्या आत. उद्यापासून तुझ्या बायका नमस्काराला येतील. वाकतील, बघतील, विचारतील की हे घड्याळ कसलं, ही वीज कसली. मी त्यांना चहा देईन आणि सगळं सांगेन, नांदेडच्या बॅगांपासून अविनाशपर्यंत. तू बघत राहा. आता ते तुला परत गड्डीत सरकवता येणार नाही.